शिक्षण तिचे, सही दुसऱ्याची

बी.एस्सी. नर्सिंग होऊन दोन-तीन वर्षे वॉर्डात काढलेल्या परिचारिकांना एक प्रश्न हमखास छळतो. पुढे काय? एम.एस्सी. करावे, की क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा? की एखादी पोस्ट बेसिक पदविका करून मोकळे व्हावे? गावाकडच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून जावे, की एनक्लेक्स या परवाना परीक्षेची पुस्तके आणून अमेरिकेचा रस्ता धरावा? सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. महाविद्यालयाला जागा भरायच्या असतात, क्लासवाल्याला फी हवी असते, परदेशी पाठवणाऱ्या एजंटाला कमिशन हवे असते. घरचे लोक लग्नाचे आणि कर्जाच्या हप्त्यांचे गणित मांडत बसतात. या गलक्यात खरा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. हे सगळे शिकून झाल्यावर तिला स्वतःच्या सहीने काय करता येईल?

प्रगत परिचर्या म्हणजे नुसती वरच्या इयत्तेतली परिचर्या नव्हे. रुग्णाला तपासणे, कोणत्या चाचण्या लागतील ते ठरवणे, ठरलेल्या कक्षेत निदान करणे, औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे आणि या प्रत्येक निर्णयाचा जाब स्वतः देणे, असे हे काम आहे. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण लागते, कारण औषधशास्त्र आणि विकृतिशास्त्र पदवीला शिकवतात तेवढ्यावर हे काम झेपत नाही. पण शिक्षण ही त्यातली अर्धीच बाजू झाली. उरलेली अर्धी कायद्याने आणि नियुक्तीच्या आदेशाने पुरी व्हायची असते. आपल्याकडे ती अर्धी बाजू जवळजवळ कोरी आहे आणि प्रवेशाच्या जाहिरातीत तिचा अवाक्षरानेही उल्लेख नसतो.

कोणत्याही मोठ्या रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पहाटे तीन वाजता पाहावा. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा ऑक्सिजन ९६ वरून ८८ वर येतो. मॉनिटर वाजायच्या आधीच सिस्टरचे लक्ष गेलेले असते, कारण श्वासाचा आवाज बदललेला तिने ऐकलेला असतो. ती सक्शन करते, नळी किती सेंटिमीटरवर आहे ते पाहते, छातीला दोन्ही बाजूंनी स्टेथोस्कोप लावते. रक्तातल्या वायूंच्या तपासणीची (एबीजी) सिरिंज तयार ठेवते. रक्तदाब घसरतो आहे म्हणून नॉरअॅड्रेनॅलिनच्या पंपाकडे हात जातो आणि थांबतो. रजिस्ट्रार दोन मजले खाली अपघात विभागात अडकलेले. फोन लागतो. ‘किती चाललंय? दोन एमएलने वाढवा, मी येऊन लिहितो.’ ती वाढवते. नोंदवहीत लिहिते : डॉक्टरांना फोनवर कळविले, तोंडी आदेशानुसार वाढविले. सकाळी राउंडच्या आधी त्या ओळीखाली सही होते. रुग्ण वाचला, तर ते विभागाचे यश असते. काही बिनसले, तर तो तोंडी आदेश नेमका काय होता, तो कुणी ऐकला, याची चौकशी तिच्यापासून सुरू होते.

ही बेशिस्त आहे असे आम्ही म्हणत नाही. रात्रपाळीची रुग्णालये अशीच चालतात आणि तिथल्या डॉक्टरांवरचा ताणही कमी नसतो. पण निर्णयाचा मोठा भाग अनुभवी परिचारिका आजही घेतेच आहे, हे मान्य करायला हवे. त्या निर्णयामागे पद्धतशीर शिक्षण असावे आणि त्यावर तिचे नाव असावे, एवढीच प्रगत परिचर्येची मागणी आहे.

आता हाताशी असलेले मार्ग बघू. सगळ्यांत रुळलेला मार्ग एम.एस्सी. नर्सिंगचा. दोन वर्षे, बी.एस्सी.नंतर किमान एक वर्षाचा अनुभव आणि विषय ठरलेले : मेडिकल-सर्जिकल, सामुदायिक आरोग्य, बालरुग्ण, प्रसूती व स्त्रीरोग, मनोविकार. दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर महाविद्यालयात १९५९ मध्ये देशातला पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा नर्सिंग महाविद्यालयांना शिक्षक हवे होते. त्या गरजेचा ठसा या पदवीवरून आजही पुसला गेलेला नाही. एम.एस्सी. झालेली परिचारिका पाठ्यनिर्देशिका होते, व्याख्याती होते, पुढे प्राचार्या होते. शिकवण्याची ओढ असेल तर हा उत्तम मार्ग आहे, चांगल्या शिक्षकांचा तुटवडा आजही आहे. मात्र रुग्णाजवळ राहून अधिक जबाबदारीचे काम करायचे म्हणून जी एम.एस्सी. करते, तिची फसगत ठरलेली. सरकारी रुग्णालयात ती परतली, तर जी.एन.एम. पदविका झालेल्या सहकारी अधिपरिचारिकेच्याच पदावर, त्याच वेतनश्रेणीत, त्याच ड्युटी-लिस्टमध्ये तिचे नाव लागते. परिसेविका व्हायचे ते सेवाज्येष्ठतेने. खाटेजवळची सर्वांत हुशार परिचारिका उच्च शिक्षणाच्या वाटेने खाटेपासून दूर जाते. या व्यवस्थेने रुग्णांचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे दुसऱ्या कशाने क्वचितच केले असेल.

पोस्ट बेसिक पदविकेची किंमत लोक कमी लेखतात, ते योग्य नाही. जी.एन.एम. झालेल्यांनाही ती खुली आहे. वर्षभर एकाच क्षेत्रात मुरायचे : नवजात अर्भके, शस्त्रक्रियागृह, हृदयविकार, मेंदूविकार, अपघात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून कर्करोग परिचर्येची पदविका घेतलेली परिचारिका केमोथेरपीसाठी नस शोधताना, औषध शिरेबाहेर झिरपले तर पुढच्या मिनिटाला काय करायचे ते ठरवताना पाहिली, की एका विषयात खोल जाण्याचे मोल कळते. या पदविकेने अधिकार वाढत नाहीत, पण हाताला कसब येते आणि खासगी रुग्णालये त्याची किंमत ओळखतात. ज्यांना दोन वर्षे पगाराविना काढणे परवडणारे नाही, त्यांना आम्ही हाच मार्ग सुचवू.

नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने २०१६-१७ च्या सुमारास आणला. कागदावर तो खरोखर चांगला आहे. दोन वर्षांचा, निवासी धर्तीचा, वर्गापेक्षा अतिदक्षता विभागातच अधिक वेळ घालवायला लावणारा. प्रगत विकृतिशास्त्र, प्रगत औषधशास्त्र, रुग्णतपासणी आणि पुढे अतिदक्षतेचा सखोल अभ्यास. प्रत्येक कौशल्य किती वेळा पाहिले, किती वेळा देखरेखीखाली केले आणि कधी स्वतंत्रपणे केले याची लॉगबुकात नोंद आणि त्यावर शिक्षकाची सही. परिषदेने असेही लिहिले आहे की ही नर्स प्रॅक्टिशनर संस्थेच्या लेखी नियमावलीच्या चौकटीत औषधे व उपचार ठरवू शकेल.

अडचण या शेवटच्या वाक्यातच आहे. ‘संस्थेच्या नियमावलीच्या चौकटीत’ म्हणजे एका रुग्णालयाने मानले तर मानले. शेजारच्या रुग्णालयाने नाही म्हटले की तीच बाई, तेच शिक्षण, पण अधिकार शून्य. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे औषधाची चिठ्ठी नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्याच सहीची लागते. त्यात नर्स प्रॅक्टिशनरला जागा नाही. मग रुग्णालयाच्या कायदा सल्लागाराने सावधपणा दाखवला, तर त्याला तरी दोष कसा द्यायचा? आडातच नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून हा अभ्यासक्रम निवडताना आमचा सल्ला थोडा कडक आहे. महाविद्यालयाची इमारत, वसतिगृह, निकालाची टक्केवारी यांकडे नंतर बघा. आधी मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या कुणाचे तरी लॉगबुक हातात घेऊन चाळा. सह्या एकाच दिवशी, एकाच शाईत झालेल्या दिसल्या तर तिथूनच परत फिरा. महाविद्यालयाच्या पालक रुग्णालयात नर्स प्रॅक्टिशनरसाठी लेखी नियमावली आहे का, ते विचारा आणि ‘आहे’ म्हणाले तर दाखवा म्हणा. उत्तीर्ण झालेल्या मुली आज कुठे आहेत? नर्स प्रॅक्टिशनर म्हणून नेमलेल्या आहेत, की पुन्हा साध्या रोस्टरवर तीन पाळ्या करताहेत, की शिकवायला निघून गेल्या? त्यांच्यापैकी दोघींशी फोनवर बोलल्याशिवाय फी भरू नये. आणखी एक. नियमाने एक वर्षाचा अनुभव पुरतो, पण आम्हाला तो अपुरा वाटतो. अतिदक्षता विभागात निदान तीन वर्षे काढल्याशिवाय हे शिक्षण अंगी लागत नाही. खालावणारा रुग्ण आकड्यांच्या आधी चेहऱ्यावरून ओळखायला तेवढा काळ जावाच लागतो.

प्रसूतिशास्त्रातली कथा याहून जुनी आहे आणि तिच्यातून शिकण्यासारखे अधिक आहे. स्वतंत्रपणे बाळंतपण करणारी नर्स प्रॅक्टिशनर तयार करण्याचा अभ्यासक्रम परिषदेने या शतकाच्या सुरुवातीलाच आखला आणि तो पश्चिम बंगाल, गुजरात अशा राज्यांत चाललाही. देशभर वेगळा संवर्ग मात्र उभा राहिला नाही. मग डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि दीड वर्षाचा अभ्यासक्रम नव्याने समोर आला. हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाने त्याआधीपासून आपल्या बळावर प्रशिक्षित मिडवाइफ घडवल्या होत्या. नैसर्गिक बाळंतपण अकारण शस्त्रक्रियेकडे वळू न देता, आईला धीर देत, मोकळे हिंडू-फिरू देत कसे करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या खासगी प्रसूतिगृहांत सिझेरियन कोणत्या थराला गेले आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्राला या मिडवाइफची गरज किती, हे सांगायला समिती नेमायला नको. पण दीड वर्ष घालवून परतलेल्या परिचारिकेला पुन्हा शस्त्रक्रियागृहात किंवा मेडिकल वॉर्डात नेमले, तर ते दीड वर्ष पाण्यात गेले. तिला प्रसूतिकक्षातच ठेवायचे, बदली करायची नाही, असा लेखी आदेश हवा. ज्या परिचारिकेला या क्षेत्राची ओढ आहे, तिने अर्ज करण्याआधी आपल्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडून एवढे एक उत्तर मिळवावे.

शिक्षण दिले पण पद दिले नाही, याच्या उलटही एकदा घडले, आपल्याच देशात घडले आणि ते बऱ्यापैकी यशस्वीही झाले. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना जाहीर झाली. दीड लाख उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे आरोग्यवर्धिनी केंद्रांत बदलायचे ठरले. उपकेंद्रावर कोण बसेल, या प्रश्नाचे उत्तर सरकारने पद निर्माण करून दिले : समुदाय आरोग्य अधिकारी. त्या पदासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम ठरला. बी.एस्सी. व जी.एन.एम. परिचारिका त्यासाठी पात्र ठरल्या, आयुर्वेद पदवीधरही ठरले. काम काय, औषधे कोणती द्यायची, डॉक्टरने सुरू केलेली रक्तदाब-मधुमेहाची कोणती औषधे पुढे चालू ठेवायची, अडले तर ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेवर कुणाला विचारायचे, हे सगळे लिहून ठेवले गेले. पुढे परिचर्या परिषदेने बी.एस्सी.चा अभ्यासक्रमच बदलला. २०२१ पासूनच्या नव्या सत्रपद्धतीच्या अभ्यासक्रमात हे शिक्षण समाविष्ट झाले, म्हणजे नव्या पदवीधर मुलीला वेगळा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करण्याचे कारणच उरले नाही.

या योजनेत उणिवा आहेत. नेमणुका कंत्राटी आहेत, पगाराचा एक भाग कामगिरीच्या निकषांना बांधलेला आहे आणि वर जाण्याची वाट अजून नीट आखलेली नाही. तरीही उपकेंद्रात एकटी बसलेली पंचविशीतली परिचारिका रोज पन्नाशी-साठीच्या माणसांचा रक्तदाब मोजते, साखर तपासते, तोंडातला पांढरा चट्टा पाहून तालुक्याला पाठवते आणि हे स्वतःच्या नावाने करते. गावकरी तिला ‘मॅडम’ म्हणून ओळखतात, तिच्या वेळा त्यांना पाठ असतात. सरकारच्या मनात आले तर परिचारिकेला निर्णयाचा अधिकार देता येतो, त्याची कक्षा आखता येते आणि तरीही काही आभाळ कोसळत नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये प्राथमिक आरोग्यसेवेपुरता मर्यादित परवाना देण्याची तरतूदही आहे. तेव्हा डॉक्टरांच्या संघटनांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. त्यांची एक काळजी रास्त होती. कमी शिकलेल्या माणसाला परवाना मिळाला, तर गरिबांच्या वाट्याला दुय्यम सेवा येईल. पण दोन वर्षे अतिदक्षता विभागात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या परिचारिकेला ही काळजी लागू होत नाही. तिला विरोध करायचा तर वेगळे कारण सांगावे लागेल.

अमेरिकेचे नाव या विषयात निघतेच, तेव्हा तिकडचीही गोष्ट नीट सांगायला हवी. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला. ग्रामीण भागांत मुलांना तपासायला डॉक्टर मिळत नव्हते, एवढे साधे कारण त्यामागे होते. फोर्डबाईंना कडवा विरोध डॉक्टरांइतकाच नर्सिंगच्या प्राध्यापकांकडून झाला. तेव्हा तिथेही अभ्यासक्रम आधी आणि कायदा नंतर, हे कबूल केले पाहिजे. पण कायदा खरोखर आला. १९७१ मध्ये आयडाहो राज्याने परिचारिकेला निदान व उपचाराचा अधिकार कायद्यात लिहून दिला आणि मग एकेक राज्य त्या मार्गाने गेले. सहा वर्षांत पहिला कायदा. आपल्याकडे प्रसूतीच्या अभ्यासक्रमाला वीस वर्षे उलटून गेली.

पुढे तिथेही पदव्यांचा आणि पदनामांचा गोंधळ माजला, तेव्हा २००८ मध्ये सर्वमान्य आराखडा ठरवला गेला. त्याचा गाभा असा की परवाना, संस्थेची मान्यता, प्रमाणपत्र परीक्षा आणि शिक्षण या चारही गोष्टी एकमेकींशी जुळल्याच पाहिजेत. भूमिका चार : नर्स प्रॅक्टिशनर, क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट, भूल देणारी परिचारिका आणि नर्स-मिडवाइफ. त्यापुढे रुग्णगट सहा : कुटुंब, प्रौढ व वृद्ध, बालके, नवजात अर्भके, स्त्रिया, मनोविकार. ज्या गटाचे शिक्षण, त्याच गटाची परीक्षा आणि त्याच गटात काम. प्रौढ व बालकांच्या गटांत पुन्हा दोन फाटे : बाह्यरुग्ण स्वरूपाची प्राथमिक सेवा आणि गंभीर रुग्णांची सेवा.

अमेरिकेत गेलेल्या आपल्या परिचारिका नेमक्या या फाट्यावर अडकतात. फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम सर्वत्र मिळतो, ऑनलाइन मिळतो, नोकरी सांभाळून करता येतो. आयसीयूत दहा वर्षे काम केलेली परिचारिका तो करते, परीक्षा उत्तीर्ण होते आणि आपल्याच आयसीयूत प्रॅक्टिशनर म्हणून अर्ज करते. उत्तर येते, तुमचे प्रमाणपत्र कुटुंब व प्राथमिक सेवेचे आहे, आम्हाला प्रौढांच्या गंभीर आजाराचे हवे. मग पुन्हा एक पदव्युत्तर प्रमाणपत्र, पुन्हा क्लिनिकल तास, पुन्हा डॉलर. सोपा अभ्यासक्रम आधी निवडला आणि काम कोणते करायचे ते नंतर ठरवले, याची ही किंमत. ज्यांना प्राथमिक सेवा आवडते, त्यांच्यासाठी हाच अभ्यासक्रम सोन्यासारखा आहे, हेही खरे.

इथून जाऊ इच्छिणाऱ्या मुलींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपली एम.एस्सी. तिथे प्रगत परिचर्येचा परवाना मिळवून देत नाही. आधी एनक्लेक्स, मग नोंदणीकृत परिचारिकेचा परवाना आणि प्रॅक्टिशनर व्हायचे तर तिथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्याने. ‘एम.एस्सी. केली की अमेरिकेत थेट नर्स प्रॅक्टिशनर’ असे कुणी सांगत असेल, तर तो खोटे बोलतो आहे. राज्याराज्यांतला फरकही मोठा आहे. अॅरिझोनात नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे काम करू शकते. टेक्ससमध्ये औषध लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो. कुठे राहायचे हे ठरल्याशिवाय कोणते प्रमाणपत्र घ्यायचे ते ठरवणे अवघड. अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना क्लिनिकल तासांसाठी लागणारा मार्गदर्शक विद्यापीठ मिळवून देणार, की विद्यार्थिनीने स्वतः दारोदार फिरून शोधायचा, हे लेखी विचारून घ्यावे. तिथे कित्येकींचे शिक्षण केवळ यापायी लांबते.

डॉक्टरेटबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. अमेरिकन नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने २००४ मध्ये ठरवले की २०१५ पर्यंत प्रगत परिचर्येत येण्यासाठी डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस ही पदवीच लागावी. ते साधले नाही. भूल देणाऱ्या परिचारिकांसाठी मात्र २०२२ पासून नव्या विद्यार्थ्यांना डॉक्टरेटच्याच अभ्यासक्रमात प्रवेश मिळतो. बाकीच्यांना मास्टर्सवर आजही परीक्षा देता येते. ज्या मुलीला पहिल्यांदा रुग्णांजवळ पोचायचे आहे, तिने मास्टर्स करावे, काम करावे आणि नंतर खरोखर गरज वाटली तर पुढचे बघावे. नावामागे अक्षरे वाढवण्यासाठी आयुष्याची वर्षे आणि कर्ज खर्ची घालू नये.

पण या सगळ्या सल्ल्याचा रोख परिचारिकेकडेच का असावा? पंचविशीतल्या मुलीने लॉगबुके तपासावीत, कायदे वाचावेत, जिल्हा रुग्णालयाचे खेटे घालावेत आणि एवढे करून चुकली तर स्वतःला बोल लावावा, ही व्यवस्था अन्यायाची आहे. तिची निवड सोपी करणे हे सरकारचे काम आहे. संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा त्याने घ्यायची आहे आणि राज्यांनी आपापले आयोग स्थापायचे आहेत. महाराष्ट्राने हे काम केवळ जुन्या परिषदेची पाटी बदलण्यापुरते करू नये. आपल्या राज्यात नर्स प्रॅक्टिशनर कोण, तिची नोंदणी वेगळ्या पटावर कशी होईल, कोणत्या विभागात कोणती औषधे ती स्वतःच्या सहीने देऊ शकेल, चूक झाली तर जबाबदारी कशी ठरेल, हे नियमांत लिहिले गेले पाहिजे. औषध नियमांत दुरुस्ती केंद्रानेच करायची आहे, ती राज्याने आग्रहाने मागावी. तोवर शासकीय रुग्णालयांसाठी एकच समान नियमावली काढणे तर राज्याच्या हातात आहे. त्यासाठी दिल्लीकडे बघत बसण्याचे कारण नाही.

आणि पद निर्माण करावे. अधिपरिचारिका आणि परिसेविका यांच्यामध्ये किंवा त्यांच्या बरोबरीने, पण वेगळे, वेगळ्या वेतनश्रेणीचे, प्रशासनाकडे न जाता रुग्णाजवळच राहून बढती मिळवता येईल असे. सुरुवातीला राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या अतिदक्षता विभागांत प्रत्येक पाळीला एक नर्स प्रॅक्टिशनर आणि प्रत्येक जिल्हा स्त्री रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात प्रशिक्षित मिडवाइफ, एवढे जरी झाले तरी रात्री तीनच्या त्या फोनची गरज निम्म्याने कमी होईल. खर्चाचा मुद्दा पुढे येईल. पण ज्या परिचारिकेच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा उपयोगच करायचा नाही, तिच्यावर झालेला खर्च कोणत्या खात्यात धरायचा, याचाही हिशेब वित्त विभागाने मांडावा.

अधिपरिचारिका संवर्गाची पुढची भरती निघेल, तेव्हा तिच्या जाहिरातीत या पदाचा रकाना असावा. शैक्षणिक अर्हता, वेतनस्तर, नियुक्तीचा विभाग आणि बदलीच्या अटी यांसह. तो नसेल, तर त्या वर्षी नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रमाच्या नव्या जागांना राज्याने परवानगी देऊ नये.